देवघराच्या दारातलं भोक

पुण्याजवळच्या मांजरी गावात हिंदुरावांना तोंडावर सगळे 'आप्पा' म्हणत आणि पाठीमागे 'घोडेवाले'. घोडा म्हणजे चार पायांचा नव्हे, कमरेला लावायचा. लग्नाच्या मांडवात शिरताना आप्पा सफारीचा शर्ट असा काही सावरायचे की कातडी म्यानाचं टोक तेवढं दिसावं, आणि पुढच्या रांगेतली व्याही मंडळी आपसूक सरकून बसायची. चालवायचं कशाला? दिसलं की काम झालं. कंपन्या आल्या, जमिनींना भाव आले, त्या वर्षांत आमच्या या पट्ट्यात ज्याची जमीन गेली त्याच्या दारात आधी गाडी आली, मग बंगला उठला, आणि एवढ्यानंही ज्याचं मन भरलं नाही त्यानं रिव्हॉल्व्हरचा परवाना काढला. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते उगाच नाही.

पण नुसती हौस म्हणून आप्पांना निकालात काढलं तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. जिथे त्यांचे वडील रावसाहेब उसाला दारं धरत उभे राहायचे, तिथे आता बारा मजल्यांच्या इमारती उभ्या होत्या. शेताच्या एका कडेला आप्पांचा बंगला आणि बाकी सगळ्या रानाला कंपाउंडची भिंत. एकदा सवयीनं ते सकाळचे तिकडे वळले, तर फाटकावरच्या रखवालदारानं हात आडवा घातला. "कहाँ जाना है, चाचा?"

"माझ्या हिरीकडं," आप्पा म्हणाले.

"कौन सा फ्लॅट? नाम क्या है?"

विहीर बुजवून तिथे बी विंग झाली होती. आप्पा नाव सांगून परत आले. त्याच सुमाराला शेजारच्या वस्तीवर दरोडा पडला, ते निमित्त झालं, आणि आप्पांनी अर्ज केला. ज्या माणसाला त्याच्याच शेताच्या फाटकावर नाव विचारतात, त्याला कुणीतरी नाव न विचारता वाट द्यावी असं वाटलं, तर त्याला नावं ठेवणारे आपण कोण?

हत्यार त्यांनी सांभाळलंही नीट. वर्षभर ते लोखंडी कपाटात, चंद्रभागाबाईंच्या शालूखाली, रिकामं करून. काडतुसं वेगळ्या खोलीत तुपाच्या डब्यात, किल्ली करदोट्याला. एकदाच काय ते कॅनॉलच्या कडेला वारुळावर उडवून पाहिलं होतं. त्या आवाजानं बगळे उठले आणि आप्पांनी ते लगेच म्यानात घातलं. पुन्हा उडवायची इच्छा त्यांना झाली नाही.

फक्त खंडेनवमीला गोष्ट वेगळी असायची.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची ही रीत. कोयता, कुऱ्हाड, विळा, नांगराचा फाळ. शेत गेलं तरी ही मंडळी माळ्यावर होती आणि वर्षातून एकदा खाली उतरून पाटावर बसायची. रावसाहेब आदल्या दिवशी प्रत्येक पातं घासून धार लावायचे. लहानपणी आप्पांनी विचारलं होतं, उद्या रानात जायचंच नाही तर धार कशाला? तेव्हा म्हातारा म्हणाला होता, "बोथट हत्यार देवापुढं ठिवू नये. रिकामं माप ठिवू नये. देवाला फसवल्यागत हुतं."

आता कोयत्याला धार लावतात. रिव्हॉल्व्हरला काय लावणार? आप्पांनी आपल्या परीनं विचार केला आणि पहिल्याच वर्षी त्याचं उत्तर काढलं. त्यांनी ते भरलं. सहाच्या सहा घरांत काडतुसं घालून, वर हळदकुंकू वाहून, झेंडूचं फूल ठेवून त्यांनी ते पाटावर मांडलं. पूजा एकदा मांडली की दसऱ्याच्या सिलंगणापर्यंत हलवायची नाही, म्हणून ते रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच राहायचं. ते भरलेलं आहे हे घरात फक्त आप्पांना ठाऊक आणि देवाला. आठ-नऊ वर्षं देवानंही कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी पाटावर आणखी एक हत्यार आलं. आप्पांचा मुलगा सुदर्शन आणि सून पूर्णिमा, दोघंही आयटीत. पूर्णिमा पुण्याच्या शनिवार पेठेतली, जीभही पेठेतलीच. तिनं आपला लॅपटॉप बॅगेसकट, वायरीसकट पाटावर ठेवला आणि म्हणाली, "आप्पा, यालाही दोन फुलं वाहा. घराचे हप्ते हाच कापतो." आप्पा हसले. ही सून त्यांची लाडकी होती. मोबाइलवर मराठीत निरोप कसा लिहायचा ते तिनंच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी लॅपटॉपला कुंकू लावलं, त्याच्या शेजारी रिव्हॉल्व्हर ठेवलं आणि हात जोडले.

दसऱ्याच्या सकाळी सुदर्शन मंडईत झेंडू आणायला गेला होता. चंद्रभागाबाई पुरणात गुंतलेल्या. आप्पा ओसरीसमोर गाडीला तोरण बांधत होते. त्यांची नात चैताली, पाच वर्षांची, दिवाणखान्यात देवघराच्या दारामागे आपट्याच्या पानांचा ढीग घेऊन उभी होती. दाराच्या कडीला ती एकेक पान अडकवत होती. सगळ्यांच्या आधी आपल्याला सोनं वाटायचंय, असं तिनं सकाळीच जाहीर केलं होतं.

पूर्णिमाचा फोन वाजला. ती बोलत बोलत ओसरीवर आली. "आप्पा, काम अडलंय. लॅपटॉप लागणार."

"आगं, सिलंगण व्हायचंय अजून."

"अमेरिकेला दसरा नसतो, आप्पा."

आप्पांनी तोरणाची गाठ मारली. मग म्हणाले, "जा, घे. हात जोड आन् घे."

देवघराला ओसरीकडूनही एक दार होतं, त्या दारानं आत जाऊन तिनं हात जोडले, बॅग ओढली. वायर पाटावरच्या लाल कापडाखालून गेली होती आणि हत्याराच्या मुठीत अडकली होती. बॅगेबरोबर कापड आलं, कापडाबरोबर कोयता खणखणला आणि रिव्हॉल्व्हर पाटावरून संगमरवरी फरशीवर आपटलं.

आवाज कसा झाला हे आप्पांना कधीच सांगता आलं नाही. ते एवढंच सांगत की आवाजापेक्षा त्याच्या मागून आलेली शांतता मोठी होती. ते ओसरीकडूनच धावत आत आले तेव्हा देवघरात उदबत्तीच्या वासात दुसराच एक जळका वास मिसळला होता. पूर्णिमा बॅग छातीशी धरून उभी होती. देवघराचं दिवाणखान्याकडचं दार ओढलेलं होतं आणि त्या दाराला एक गोल भोक पडलं होतं.

त्या दाराच्या पलीकडे चैताली होती. आप्पांना ते दार उघडवेना. ते उघडायला लागला असेल एखादा क्षण, पण आप्पांचं उरलेलं आयुष्य त्या क्षणाच्या अलीकडेच राहिलं असं म्हटलं तरी चालेल.

दार पलीकडूनच उघडलं. चैतालीच्या हातात आपट्याचं पान होतं. "खाली पडलं होतं," ती म्हणाली. "मी सोनं उचलत होते."

भोक बरोबर तिच्या कपाळाइतक्या उंचीवर होतं.

शेजारपाजार गोळा झाला. कुणी पाणी दिलं, कुणी नारळ ओवाळून टाकला. आप्पांचे चुलतभाऊ भीमराव जरा वडीलकीच्या सुरात म्हणाले, "देव तारी त्याला कोण मारी!"

चंद्रभागाबाई पुरणाच्या हातानं तशाच येऊन उभ्या होत्या. त्या एरवी भीमरावांसमोर पदर सावरून बोलायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "देवानं तारलं, खरं हाय. आन् मारत कोण हुतं?"

भीमराव आपल्या चपला शोधायला लागले.

पोलिसांना फोन पूर्णिमानं केला. तिनं ते लपवलंही नाही. सुदर्शन मंडईतून झेंडूची पिशवी घेऊन घरी पोचतो तोवर हवालदार आले होते. देवघराच्या उंबऱ्याशी थांबून त्यांनी बूट काढले, मग आत जाऊन हत्यार उचललं. पंचनाम्यात लिहिलं, 'हळदकुंकू लावलेले, पाकळ्या चिकटलेल्या.' गावात दोन दिवसांत बातमी झाली की सुनेनंच सासऱ्याला पकडून दिलं. आप्पांनाही तसंच वाटलं. खोटं कशाला सांगा? त्या आठवड्यात त्यांना भोकापेक्षा फोनचाच राग जास्त होता. माणसाचा अब्रूवरचा ओरखडा आधी दुखतो, बाकीचं सावकाश दुखू लागतं.

पूर्णिमानं आणखी एक केलं. ती, सुदर्शन आणि चैताली घर सोडून राहायला गेली. लांब नाही, कंपाउंडच्या पलीकडे, बी विंगेत, हप्त्यांवर घेतलेल्या फ्लॅटमध्ये. जाताना ती आप्पांसमोर उभी राहिली. "आप्पा, ते घरात परत आलं तर चैताली या घरात येणार नाही. तुम्ही कधीही आमच्याकडे या."

"म्हंजी माझ्याच रानात पावणा म्हणून येऊ?"

"माझी मुलगी जिवंत आहे म्हणून आपण हे बोलू शकतोय," ती म्हणाली आणि गेली.

आप्पा गेले नाहीत. त्या फाटकावर पुन्हा नाव सांगायचं त्यांना जमणार नव्हतं. परवाना का रद्द करू नये, अशी नोटीस आली तेव्हा त्यांनी ठरवलं की लढायचं. परवाना गेला म्हणजे हिंदुराव नावाच्या माणसाला गावात उरतं काय? जमीन गेली, मुलगा फ्लॅटवर गेला. कमरेचं तेवढं राहिलं होतं.

घरात आता दोघंच. चंद्रभागाबाईंनी दाराचं भोक बुजवू दिलं नाही. सुताराला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. "ऱ्हाऊ दे," एवढंच त्या म्हणाल्या.

दुपार कलली की देवघराच्या खिडकीतून ऊन आत यायचं आणि त्या भोकातून दिवाणखान्याच्या भिंतीवर एक कवडसा पडायचा. रुपयाएवढा. आप्पा खुर्चीत बसलेले असायचे आणि कवडसा भिंतीवरून सरकत जायचा. त्या वेळी त्यांना चैताली दिसायची. दाराकडे तोंड करून उभी, कडीला पान अडकवणारी. पान खाली पडायचं. आणि ती दर वेळी वाकायचीच असं नव्हतं. कधीकधी ती पानाकडे नुसती बघत उभी राहायची. आप्पा ओरडायचे, "वाक! वाक गं!" आणि चंद्रभागाबाई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन मुकाट्यानं खिडकीचा पडदा ओढायच्या.

पडदा ओढला तरी फरक पडेना. कुठेतरी दार आपटलं की आप्पांच्या हातातला चहा सांडायचा. देवपूजा त्यांनी बंद केली, कारण पूजेला बसायचं तर त्या दारावरून जावं लागे, आणि जाताना त्यांचा हात आपोआप त्या भोकावर जायचा. बोट आत घालून ते कडा चाचपत राहायचे. माणूस दुखऱ्या दातावरून जीभ फिरवतो, तसं. आत जाऊन देवाला विचारायची एकच गोष्ट होती, आणि ती विचारायची त्यांची छाती नव्हती. मी तुला फसवायचं नाही म्हणून भरलं होतं. तू मला का नाही अडवलंस?

वकील पुण्यातले होते, श्रीधर केतकर. कागद वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "देवघरात ठेवलं होतंत?"

"पूजेला."

"भरून?"

"रिकामं कसं ठिवायचं देवापुढं?"

"आपली भक्ती थोर आहे," केतकर म्हणाले. "आता ती घरीच ठेवा. कचेरीत देवघराचं नाव काढायचं नाही, पंचनाम्यातल्या हळदकुंकवाचं मी बघतो. आपण हत्यार साफ करायला काढलं होतंत, गोळ्या चुकून आत राहिल्या होत्या, हातातून निसटलं. नात अंगणात होती. समजलं? अंगणात. कायद्याला देव चालतो, देवघरातलं काडतूस चालत नाही."

आप्पांनी ते पाठ केलं. एसटीत बसून, तोंडातल्या तोंडात. साफ करायला काढलं होतं. नात अंगणात होती. दहा वेळा म्हटल्यावर त्यांना ते खरंच वाटू लागलं आणि बऱ्याच दिवसांनी जरा बरं वाटलं. नात अंगणातच होती. उन्हात. कुठलं दार आणि कुठलं काय!

सुनावणीच्या दिवशी आप्पा नवा फेटा बांधून गेले. टेबलामागे अधिकारी बाई होत्या, पन्नाशीच्या, सर्दी झालेल्या, रुमाल मुठीत धरून बसलेल्या. त्यांनी आप्पांना बसायला सांगितलं. केतकरांनी सगळं नीट मांडलं. इतक्या वर्षांत एकही तक्रार नाही, प्रतिष्ठित शेतकरी, निव्वळ अपघात. आप्पांनीही पढवलेलं म्हणून दाखवलं. अडखळले नाहीत.

बाई पंचनामा चाळत होत्या. "दाराला छिद्र पडलंय असं लिहिलंय. उंची लिहायची राहिली आहे. जमिनीपासून साधारण किती?"

केतकर म्हणाले, "तो तपशील फारसा..."

"मी त्यांना विचारतेय. काका, किती उंचीवर आहे?"

आता फूट आणि इंच आप्पांना येत नव्हते अशातला भाग नाही. पण रोज हातानं चाचपलेली गोष्ट माणूस आकड्यात सांगत नाही. आप्पा खुर्चीतून उठले. त्यांनी उजवा हात पुढे केला, तळवा खाली धरला आणि म्हणाले, "एवढं."

आणि तो हात त्यांनी पाहिला.

कुणीही भेटलं, सोयरा असो की बाजारातला ओळखीचा, तो विचारायचा, "आप्पा, नात केवढी झाली?" आणि आप्पा असाच हात धरायचे, असाच तळवा खाली, आणि म्हणायचे, "एवढी." गेलं वर्षभर ते हेच करत आले होते. त्याच उंचीवर. बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. त्या तळव्याखाली तिचे केस असायचे.

कचेरीत पंखा फिरत होता. आप्पांचा हात तसाच हवेत राहिला.

"काका?" बाई म्हणाल्या.

"ती अंगणात नव्हती," आप्पा म्हणाले.

केतकरांनी त्यांच्या शर्टाची बाही ओढली. आप्पांनी ती सोडवून घेतली नाही, फक्त बोलत राहिले. "दारामागं हुती. हत्यार देवापुढं हुतं. मी भरून ठिवलं. दर साली ठिवतो. घरात कुणाला म्हाईत नाय. सुनंला म्हाईत नाय. तिची काय चूक न्हाय, बाईसाहेब. पान पडलं म्हणून पोरगी वाकली. नुसतं पान पडलं म्हणून."

मग त्यांना रडू कोसळलं. नव्या फेट्याचा शेमला तोंडाशी धरून एवढा मोठा माणूस कचेरीत हुंदके देत उभा राहिला. बाईंनी मुठीतला रुमाल बाजूला ठेवला, शिपायाला पाणी आणायला सांगितलं आणि पेनाला टोपण घातलं.

परवाना रद्द झाला. केतकर जिना उतरताना म्हणाले, "खरंच बोलायचं होतं तर मला कशाला त्रास दिलात? ते फुकट बोलता येतं." पण चहा त्यांनीच पाजला.

त्याच संध्याकाळी आप्पा फाटकावर गेले. रखवालदारानं विचारलं, कुणाकडे? आप्पांनी नाव सांगितलं, विंग सांगितली. दार पूर्णिमानं उघडलं. काय झालं ते तिला एका वाक्यात कळलं. ती आप्पांना आत घ्यायची विसरली आणि तिथेच चौकटीला टेकली.

"बॅग मी ओढली होती, आप्पा," ती म्हणाली. "मला रोज तेच दिसतं. फोन मी तुमच्याविरुद्ध नव्हता केला. मला कुणीतरी येऊन ते तिथून उचलायला हवं होतं. मला हात लावता येत नव्हता."

"तुला दिसतं तवा," आप्पांनी विचारलं, "ती वाकती का?"

पूर्णिमानं त्यांच्याकडे पाहिलं. "नेहमी नाही," ती म्हणाली.

त्यानंतर या विषयावर दोघं कधी बोलले नाहीत, पण पूर्णिमाच्या हातचा चहा आप्पांना जसा गोड लागायचा तसा दुसऱ्या कुणाच्या हातचा लागला नाही. दिवाळीला चैताली घरी आली. देवघराच्या दाराशी गेली, भोकाला डोळा लावला आणि त्यातून देव दिसतात म्हणून टाळ्या पिटू लागली. सगळे हसले. आप्पा उठून ओसरीवर गेले.

वर्षं गेली. ती काय, जातातच. गावातले लोक 'घोडेवाले' विसरले, नवे घोडेवाले आले. खंडेनवमीला चंद्रभागाबाई पाटावर एकटा विळा ठेवतात, तोही भाजीचा. आप्पा त्याला धार लावत नाहीत. चैतालीला भोकाला डोळा लावायला आधी टाचा उंचावाव्या लागल्या, मग वाकावं लागलं, मग ते तिच्या कमरेशी आलं. ती इंजिनिअरिंगला गेली, तिला स्वतःचा लॅपटॉप आला. आता ती आप्पांच्या डोक्यावरून पलीकडे बघते.

परवाच्या दसऱ्याला आप्पांची थोरली बहीण सरुबाई बऱ्याच वर्षांनी आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस आवाजावरून ओळखायची. ओसरीवर बसल्या बसल्या तिनं विचारलं, "हिंदू, तुझी नात केवढी झाली रं आता?"

आप्पांनी हात पुढे केला, तळवा खाली. "एवढी," ते म्हणाले.

चैताली शेजारीच उभी होती, हातात आपट्याची पानं घेऊन. तिनं पाहिलं, आणि तो कशाचा हात आहे हे तिला कळलं असावं, कारण ती हसली नाही. तिनं आप्पांचा हात धरला, वर उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "आजोबा, इथे," ती म्हणाली. "इथे आहे मी."

आप्पांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "हां," ते म्हणाले. "हां, हितं." मग तिनं त्यांना सोनं दिलं आणि सरुबाईच्या पाया पडायला खाली वाकली. आप्पांचा हात हळूहळू खाली आला आणि त्याच उंचीवर येऊन थांबला.